दांड्यावरची वाळू

नरेंद्रला समुद्राचं वेड लागलं ते दाताच्या डॉक्टरकडे. ॲरिझोनात, मेसामधल्या त्या दवाखान्यात भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्यात पिवळेजर्द मासे संथपणे फिरत होते. नंबर आला तरी हा उठेना, नर्सला दोनदा हाक मारावी लागली. घरी आला तो सुजलेला गाल आणि वेटिंग रूममधलं एक मासिक घेऊन, आणि चपला काढायच्या आधीच बायकोला, शरयूला, म्हणाला, आपण अशी टाकी करू. याआधी कॅमेरा झाला होता, टेनिस झालं होतं, गराजमध्ये बिअर बनवायचा एक प्रयोगही झाला होता. हेही दोन महिन्यांत ओसरेल असं धरून शरयूने विषय वाढवला नाही.

हे मात्र ओसरलं नाही. नरेंद्र चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होता. धुळीचा एक कण कुठून आला याचा महिनाभर माग काढणारा माणूस. त्याने लायब्ररीतून पुस्तकांचा ढीग आणला, टेंपीतल्या रॉन नावाच्या मासेविक्याला फोन करकरून भंडावून सोडलं आणि फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटवला. पाण्याचा खारेपणा मोजायची तरंगती काचेची नळी, वाळूखालची जाळी, पाकिटातून मिळणारं समुद्राचं मीठ, हे सगळं शरयूला आमटी वाढता वाढता ऐकावं लागे. टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नसतात, हे तो फार कौतुकाने सांगायचा. डोळ्यांना न दिसणारे जीव वाळूत वाढेपर्यंत कित्येक आठवडे नुसतं पाणी राखायचं असतं. तोवर तू काय पाण्याकडे बघत बसणार का, असं शरयूने विचारलं तर म्हणाला, हो, तेच तर सायन्स आहे.

शरयूला राग यायला कारण लागत नाही, असं तो मित्रांमध्ये हसत सांगत असे. कारण होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

शरयू आडबंदरची. वेंगुर्ल्याच्या खाली, खाडी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडतो, त्याला गावात दांडा म्हणतात. शरयूचा धाकटा भाऊ नंदू सतरा वर्षांचा असताना दिवाळीच्या अमावास्येला पहाटे तिसऱ्या काढायला त्या दांड्यावर गेला. तिसऱ्या म्हणजे वाळूत दडलेल्या शिंपल्या. मोठी ओहोटी लागली की त्या हातांनी उकरून टोपलीभर मिळतात. धुकं आहे, जाऊ नको, म्हणून अण्णांनी, तिच्या वडिलांनी, दोनदा बजावलं होतं. आत्ता जाऊन येतो म्हणाला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गेला. तो परत आला नाही. देहही मिळाला नाही.

बाकीचे रडले. शरयू रडली कमी आणि चिडली जास्त, आणि तिचं ते चिडणं बारा वर्षांत कमी झालं नव्हतं. ती नंदूवर चिडली होती, कारण त्याला भरतीची वेळ तोंडपाठ होती आणि तरी तो थांबला. समुद्रावर तर इतकी चिडली की त्यानंतर तिने त्या पाण्याला बोट लावलं नाही. लग्न ठरवताना तिची एकच अट होती, समुद्र नको. नागपूरचं स्थळ आलं, मुलगा ॲरिझोनात, आणि तिने शाळेचा नकाशा काढून त्या भागात निळा रंग कुठेच शिवत नाही याची खात्री करून घेतली. चँडलर तिला पहिल्या दिवसापासून आवडलं. घरामागे कापसाची शेतं, पांढरी कडक जमीन, आणि पिळलेला कपडा दोरीवर टाकेपर्यंत अर्धा सुकवणारी हवा. इथे आपल्याला कोणी गाठणार नाही, असं तिला वाटायचं.

त्या घरात नवरा समुद्र आणायला निघाला होता. आणि जणू तेवढं पुरेसं नव्हतं.

गणपती उरकून प्रतिमाकाकू टेंपीला मुलाकडे आल्या. काकू सावंतवाडीच्या, शरयूच्या माहेरच्या लांबच्या नात्यातल्या. इकडे येणाऱ्या कोणाच्याही बॅगेत स्वतःचे कपडे थोडे आणि दुसऱ्यांचं सामान जास्त असतं, तशी काकूंची बॅग होती. शरयूसाठी कोकम निघालं, कुळथाचं पीठ निघालं, काजू निघाले. मग खालून दुधाच्या पावडरीचे दोन मोठे डबे निघाले, झाकणं मेणाने बंद केलेले, आणि ते काकूंनी नरेंद्रच्या हाती दिले.

"हे जावईबापूंचं. उचलताना हात तुटले माझे," काकू म्हणाल्या. "कस्टमवाल्याने उघडायला लावलं. मी म्हटलं, होली सँड. बिचाऱ्याने गुपचूप झाकण लावून दिलं."

नरेंद्रने शरयूकडे पाहिलं ते बक्षीस मिळालेल्या पोराच्या चेहऱ्याने. सरप्राइज होतं ते तिच्यासाठी. त्याने जुलैतच अण्णांना लिहिलं होतं, टाकीसाठी तुमच्या किनाऱ्याची स्वच्छ वाळू पाठवा. या जावयाने लग्नात काही मागितलं नव्हतं, दिवाळसणालाही काही घेतलं नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं, त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून अण्णांनी गडीमाणूस न पाठवता स्वतः ओहोटीत उतरून डबे भरले होते.

शरयू काकूंसमोर नीट बसली. चहा प्यायली, मुलाच्या थिसिसची चौकशी केली, आणि गाडीत बसून दार लावल्यावर विचारलं, "कुठली वाळू आहे ही?"

"तुमच्या गावची."

"गावात वाळू चार ठिकाणी आहे. कुठली?"

नरेंद्रने गाडी सुरू केली. "दांड्यावरची. अण्णांनीच लिहिलं, तिथली सगळ्यात स्वच्छ असते म्हणून. हे बघ शरयू, तू बारा वर्षांपासून पळून राहिली आहेस. कधीतरी सामोरं जावं लागतं. त्या मासिकात एक सायकॉलॉजिस्ट..."

"त्या वाळूवर माझा भाऊ गेला," शरयू म्हणाली. "आता तू ती माझ्या घरात पसरणार. उद्या तुझं काही झालं तर मी कोणाला जाब विचारू? त्या सायकॉलॉजिस्टला?"

तो हसला. इथून सर्वांत जवळचा समुद्र चार तासांच्या ड्राइव्हवर आहे आणि मला पोहताही येत नाही, तेव्हा मी कशाला मरतो, असं काहीसं म्हणाला. त्या हसण्याचा तिला इतका संताप आला की घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. आई-वडिलांचा राग आला, काकूंचा आला, आणि जावयाचा शब्द खाली पडू न देणाऱ्या त्या सगळ्या चांगल्या माणसांचा आला. एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं की शरयूला चालेल का.

टाकी बैठकीच्या खोलीत, मागच्या अंगणाकडे उघडणाऱ्या काचेच्या दाराशेजारी लागली. तळाला जाळी, जाळीवर दुकानातली पांढरी वाळू, आणि तिच्यावर डब्यांतली, करडी, बारीक, अजून ओलसर. वास घरभर सुटला. नरेंद्रला तो वास ताजा वाटला. शरयूने त्या खोलीत जाणं कमी केलं.

टाकी भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाणी चार बोटं उतरलेलं दिसलं. इथल्या हवेत पाणी उडायचंच, असं म्हणून नरेंद्रने वरून शुद्ध पाणी घालून पातळी सारखी केली. संध्याकाळी कामावरून येऊन बघतो तर कार्पेट भिजलेलं. टाकी भरून सांडली होती. त्याने स्टँड तपासला, सांधे तपासले, पंप उघडून पुन्हा बसवला, आणि रोज पहाटे आणि रात्री काचेवर तेलकट पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली. रेघा वरखाली व्हायला लागल्या. त्याला छळत होती ती मात्र तरंगती नळी. पाणी उडालं तर मीठ मागे राहून खारेपणा वाढायला हवा, साधं पाणी मिसळलं तर तो कमी व्हायला हवा. नळी रोज त्याच खुणेवर तरंगत होती. याचा अर्थ एकच, टाकीतून खारं पाणी जात होतं आणि तसंच खारं पाणी पुन्हा येत होतं.

रॉनने फोनवर सरळ सांगितलं, घरात कोणीतरी मस्करी करतंय. नरेंद्रने त्यावर विचार केला आणि तो शरयूकडे आला.

"तू काढतेस का पाणी?" त्याने विचारलं. "राग आहे ना तुला. काढतेस, आणि मी यायच्या आत पुन्हा भरतेस. मी चिडणार नाही. फक्त सांग, म्हणजे माझा डेटा खराब होणार नाही."

शरयू पोळी लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. बारा वर्षं जे पाणी तिने बोटाला लागू दिलं नव्हतं, ते ती बादलीने उपसते आणि भरते, असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं. त्याचा डेटा खराब होत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली, आणि या माणसाचं तोंड एकदाचं बंद करायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

"आज दसरा," ती म्हणाली. "म्हणजे दशमी. दहाची पाऊणपट किती?"

"साडेसात."

"मग साडेसातला टाकी काठोकाठ भरेल. तिथे उभा राहा आणि बघ. मी इथून हलत नाही."

आडबंदरच्या पोरांना पाढ्यांबरोबर हा हिशेब येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. मग पुढच्या सहा तासांत पाणी उतरतं आणि त्यापुढच्या सहा तासांत पुन्हा चढतं. नरेंद्र आधी हसला. साडेसातला तो टाकीसमोर गेला आणि शरयू ओट्याशी उभी राहिली. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग पाणी कार्पेटवर टपटपल्याचा आवाज आला.

तो घाबरून बाहेर येईल, आणि आजच्या आज ही टाकी घराबाहेर जाईल, अशी तिची खात्री होती. नरेंद्र बाहेर आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. त्याने तिचे खांदे धरले. इथलं घड्याळ आणि भारताचं घड्याळ यांत साडेबारा तासांचा फरक आहे, तो सांगू लागला, आणि एका भरतीपासून दुसरी भरती साधारण तेवढ्याच वेळाने येते. म्हणजे आडबंदरला घड्याळात जी वेळ भरतीची, तीच इथल्या घड्याळात पण! केवढी मजेची गोष्ट आहे ही!

"काढून टाक ती," शरयू म्हणाली.

"काढायची कशी? आता तर कळायला लागलं आहे."

त्यानंतर त्याचं माशांबद्दलचं बोलणं बंद झालं. आठवडे होत आले तरी रॉनकडे जायचं नाव नाही, पुस्तकं मुदत संपून गेली तरी परत केली नाहीत. कामावरून आला की तो पंचांगाचं पान घेऊन टाकीसमोर खुर्ची ओढून बसे. आज अष्टमी, आज फार उतरणार नाही, असं स्वतःशी म्हणे. नागपूरच्या माणसाच्या तोंडी उधाण, भांग असे अमावास्येच्या मोठ्या आणि अष्टमीच्या लहान भरतीचे शब्द यायला लागले, आणि ते शब्द शरयूने त्याला कधीच शिकवले नव्हते. पुस्तकात वाचलेस का, असं तिने विचारलं. कुठेतरी ऐकले, तो म्हणाला.

ती भांडली. भांडायचे जेवढे प्रकार तिला माहीत होते तेवढे तिने केले. जेवण वाढलं नाही, दुसऱ्या खोलीत झोपली, सासूबाईंना नागपूरला फोन लावून तक्रार केली. सासूबाई म्हणाल्या, अगं दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, पाणीच बघतोय ना. ती टाकी तिला स्वतः रिकामी करता आली असती. एक रबरी नळी आणि एक बादली, एवढंच लागलं असतं. पण त्यासाठी नळीचं टोक त्या पाण्यात बुडवावं लागणार होतं, आणि दोनदा तिथवर जाऊन ती परत फिरली. शेवटी तिने त्याच्याकडून वचन घेतलं. दिवाळीची अमावास्या यायच्या आत टाकी घराबाहेर गेली पाहिजे.

"अमावास्येचं एक रीडिंग घेतो," तो म्हणाला. "वर्षातली मोठी भरती-ओहोटी. लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी काढतो. प्रॉमिस."

"आत म्हटलं मी. नंतर नाही."

"एका दिवसाने काय फरक पडून राहिला आहे, शरयू?"

त्या वर्षी लक्ष्मीपूजन शनिवारी आलं. सकाळी अकरा वाजून गेल्यावर पाणी टाकीच्या काठाच्या वर आलं. वर आलं आणि सांडलं नाही. बोटभर उंच, काचेच्या वरही काच असावी तसं उभं राहिलं, आणि मग शांतपणे उतरायला लागलं. नरेंद्रने पेन्सिल हातात घेतली होती, पण रेघ मारली नाही. शरयू दारातून हे बघत होती. तिने त्याला नावाने हाक मारली तेव्हा त्याने वळून पाहायला जरा जास्तच वेळ घेतला.

दुपारी ती करंज्या तळत होती. चौरंग मांडून झाला होता, महाराष्ट्र मंडळातली दोन कुटुंबं रात्री जेवायला येणार होती, पण तिने सकाळीच फोन करून ते कॅन्सल केलं होतं. साडेचारच्या सुमारास नरेंद्र स्वयंपाकघरात आला. पायांत काही नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.

"ओहोटी लागली," तो म्हणाला. "आत्ता जाऊन येतो."

तिच्या हातातला झारा कढईत पडला. तेल उडालं आणि मनगट भाजलं. ती वळेपर्यंत काचेचं दार सरकल्याचा आवाज आला होता.

ती धावत बैठकीच्या खोलीत गेली. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. करडी वाळू ओली, चमकत, उघडी पडली होती, आणि तिच्यावर पाणी मागे सरताना उठतात तशा बारीक लाटांच्या खुणा होत्या. जमीन कोरडी होती, कार्पेट कोरडं होतं.

दाराबाहेर अंगण, अंगणापलीकडे कापूस काढून झालेलं सपाट शेत. सूर्य कलला होता, सगळं लखलखीत दिसत होतं. नरेंद्र शेतात बराच आत गेला होता. तो हळू चालत होता, खाली बघत, आणि प्रत्येक पाऊल आधी वर ओढून मगच पुढे टाकत होता. त्या जमिनीत कुदळही शिरत नाही. चिखलात चालणारा माणूस पाऊल असं काढतो.

"नरेंद्र!"

त्याने न वळता हात वर केला.

"परत ये! मूर्खा, परत ये म्हणते ना मी!"

ती अंगणाच्या कडेपर्यंत गेली. पुढे टाकायला पाऊल उचललं आणि ते तिथेच राहिलं. समोर कोरडी ढेकळं दिसत होती, कापसाच्या काड्या दिसत होत्या. पायाला मात्र गार वाटलं.

ती मागे झाली.

स्वतःचा एवढा संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तिथेच उभं राहून तिने ओरडून ओरडून घसा बसवला. शेजारच्या घरातली बाई कुंपणावरून डोकावली, काही हवंय का विचारून आत गेली. शरयूने पुन्हा शेताकडे पाहिलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. लपायला झाड नव्हतं, खड्डा नव्हता. कालव्यापर्यंत सपाट जमीन होती आणि तिच्यावर ऊन होतं.

मग ऊन गेलं.

पोलिसांना फोन करायला ती आत आली आणि दिवे लावून फोन उचलणार तोच दार सरकलं. तो आत आला. गुडघ्यापर्यंत ओला, हातांच्या नखांत वाळू, चेहऱ्यावर हसू. त्याने उंबऱ्याशी थांबून पाय एकमेकांवर घासले आणि घराकडे, दिव्यांकडे, तिच्याकडे बघत राहिला.

शरयूने मग काही शिल्लक ठेवलं नाही. दाताच्या डॉक्टरपासून सुरुवात केली. वाळू, काकू, अण्णा, डेटा, सायकॉलॉजिस्ट, सगळं काढलं. मी एकाला घालवून बसले आहे, दुसऱ्याला घालवणार नाही, ऐकू येतंय का तुला, असं म्हणताना ती रडायला लागली आणि रडतानाही बोलत राहिली. एवढं ऐकून घेणं नरेंद्रच्या स्वभावात नव्हतं. सात वर्षांत एकही भांडण त्याने मुद्दे मांडल्याशिवाय सोडलं नव्हतं. आज तो मान खाली घालून उभा होता. शेवटी याला लाज वाटली, असं तिला वाटलं, आणि रागाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं.

पूजेला तो मांडी घालून नीट बसला. करंज्या भरपूर खाल्ल्या. टाकीत पाणी पुन्हा नेहमीच्या खुणेवर आलं होतं, त्याने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. सकाळी उठून शरयूने पाहिलं तेव्हा पाणी त्याच खुणेवर होतं, हललं नव्हतं. तो मागच्या अंगणात उकिडवा बसून बोटांनी माती उकरत होता. बसू दे, तिने मनाशी म्हटलं, आज टाकी काढायची आहे.

आठ वाजायच्या सुमारास आडबंदरहून फोन आला. गावात पोस्टात फोन येऊन तीनच वर्षं झाली होती, नंदूच्या वेळी तो नव्हता, आणि वर्षातून एकदा, दिवाळीला, अण्णा तिथून बोलत. तिकडे रात्र होती. आवाज समुद्रापार पोचवायचा म्हणून ते नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होते. आई बरी आहे, फराळ झाला, नरेंद्ररावांना वाळू पसंत पडली का, असं सगळं झालं.

"इकडे आज पहाटे एक वाईट प्रकार झाला," ते म्हणाले. "दांड्यावर कोणीतरी अडकला होता. धुकं होतं. नुसत्या हाका ऐकू येत होत्या. चार होड्या गेल्या, पण कोणाला सापडला नाही."

"कोण होता?"

"कोण जाणे. गावातला माणूस कमी नाही एकही. बोलणं आपल्याकडचं नव्हतं, घाटावरचं होतं, असं होडीवाला केरकर म्हणतो."

शरयूने फोनची तार मुठीत धरली. "काय म्हणत होता?"

"अगं, काय म्हणणार. हाका मारत होता." अण्णांनी आवाज खाली आणला. "तुझं नाव घेत होता म्हणे. आता शरयू काय जगात तू एकटीच आहेस? पण सणासुदीला ऐकून कसंतरी झालं. तुझ्या आईला मी सांगितलं नाही."

"मग? मग काय झालं अण्णा?"

"मग भरती आली."

मग अण्णांनी घसा साफ केला, पोस्टमास्तर घाई करतोय म्हणाले, आणि जावईबापूंना जरा फोन दे, दिवाळीचा आशीर्वाद देतो म्हणाले.

शरयूने दारातून हाक मारली. "नरेंद्र." अंगणातल्या माणसाने मान वर केली नाही. तिने पुन्हा हाक मारली. शेवटी ती जाऊन त्याच्या खांद्याला हात लावून आली, तेव्हा तो हसून उठला आणि पँटला हात पुसत तिच्यामागोमाग आत आला. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. कोण आहेस तू आणि माझा नवरा कुठे आहे, हे विचारायचं होतं. तिने रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

त्याने तो दोन्ही हातांनी, जपून घेतला. जरा फिरवून पाहिला. मग शरयूकडे बघत, बरोबर जमलं का असं डोळ्यांनी विचारत, त्याने तो कानाला लावला. उलटा धरला होता. तार त्याच्या केसांवरून लोंबत होती, आणि अण्णा त्याच्या हनुवटीखालून ओरडत होते, "हॅलो? हॅलो?"